मागाला जागा हवी

लोक सुट्टी काढून थंड हवेच्या ठिकाणी जातात, देवाला जातात, हल्ली तर उठसूट बँकॉकला जातात. मी वडिलांना घेऊन इचलकरंजीला गेले. परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "तिथे बघण्यासारखं काय आहे?" आहे, पुष्कळ आहे. पण ते जिन्यात उभं राहून सांगता येत नाही, म्हणून हे लिहायला बसले.

कांदिवली

आमचं घर चारकोपला, दुसऱ्या मजल्यावर. आई गेल्यापासून घरात बाबा आणि मी, आणि हॉलमध्ये एक हातमाग. अंधेरीच्या एका एक्सपोर्ट कंपनीत दहा वर्षं मी कॉम्प्युटरवर शर्टांच्या चौकड्या काढल्या. कापडाला मात्र हात लागायचा नाही. दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडली आणि हा सागवानी माग घेतला. तो दारातून आत यावा म्हणून सोफा बाहेर काढला, तो कायमचाच गेला. या मागावर मी भिंतीला लावायची मोठी कापडं विणते. ती विकत घेणारे लोक मुंबईत आहेत, ती विणायला जागा मुंबईत नाही, अशी सगळी गंमत.

कारण माग वाजतो. एकदा आडव्या धाग्याचा धोटा फेकला की तो धागा बसवायला फणी ठोकावी लागते, आणि फणी ठोकली की खालच्या मजल्यावरचा पंखा हलतो म्हणे. सोसायटीने मला अकरा ते पाच अशी वेळ ठरवून दिली होती आणि मी ती देवपूजेसारखी पाळली. पाच वाजले की बाबा घड्याळाखालच्या खुर्चीतून हात उचलायचे आणि पंजा हवेत खाली दाबायचे. बंद. ही खूण आजोबांची. आजोबा कुडाळहून येऊन परळच्या गिरणीत मागावर लागले आणि कान गमावून बाहेर पडले. गिरणीत कुणाला काही ऐकू जात नाही, म्हणून तिथे सगळं हातांनी बोलायचे. दोन बोटं कात्रीसारखी उघडली की धागा तुटला. पंजा खाली दाबला की बंद. मूठ पुढे ढकलली, मागाचा दांडा ढकलावा तशी, की चालू दे. आजोबा घरीही तसंच बोलायचे आणि बाबा त्यातच वाढले. आपण खुणा करतो हे बाबांच्या लक्षातही येत नाही.

एवढी वेळ पाळूनही शेवटी नोटीस आलीच. महिनाअखेर माग हलवा. कांदिवलीत मागापुरती जागा भाड्याने घ्यायची तर विणणं सोडून पुन्हा नोकरी धरावी लागली असती. म्हणजे माग ठेवायचा असेल तर गाव सोडायचं, गाव ठेवायचं असेल तर माग मोडीत काढायचा. मी माग ठेवायचं ठरवलं. बाबांनी जेवता जेवता एवढंच विचारलं, "माग सुटाक दोन पिढ्यो गेल्यो. आणि तू परत मागार बसतलंस?"

मी भातावर आमटी वाढून घेतली.

मनोरी

आधी जवळचं बघावं म्हणून मनोरीला गेलो. मार्व्याच्या जेट्टीवरून बोटीत बसलं की पाच-दहा मिनिटांत पलीकडे, आणि पलीकडे गेलं की कांदिवली जिल्हा बदलल्याइतकी लांब वाटते. ज्यांची खोली बघायची होती त्या हेमामावशी कोळीवाड्यात राहतात. मोठा मुलगा मासेमारीला जातो, त्या स्वतः मालाडच्या बाजारात बसतात. खोली झकास होती. उंच छप्पर, दोन खिडक्या, शेजारी कुणी नाही. मी मनातल्या मनात माग मांडूनही टाकला.

मावशींनी मी आणलेली सुताची लडी हातात घेतली, बोटांत चोळली आणि नाकाला लावून बघितली. मग म्हणाल्या, "आमचे जाल्याला वांदा नाय गो. पन तुजं सूत हितं वलंच ऱ्हाणार." जाळ्याला खारा वारा चालतो, पण सूत त्यात सतत दमट राहील, पावसाळ्यात बुरशी धरेल, आणि एकदा भाडं घेतल्यावर हे सांगण्यापेक्षा आत्ताच सांगितलेलं बरं, असं त्यांनी समजावलं. मुंबईत आजवर एकाही घरमालकाने मला स्वतःच्या खोलीचा दोष सांगितलेला नाही. मी त्यांच्या पाया पडले. निघताना त्यांनी बाबांच्या हातात सुक्या बोंबलांचं मोठं पुडकं ठेवलं, प्रवासात होईल म्हणून. बाबांना खोली मिळाल्याइतकाच आनंद झाला. या पुडक्यावर लक्ष ठेवा.

इचलकरंजी, पहिला दिवस

इचलकरंजी सुचवली ती मला सूत देणाऱ्या दुकानदाराने. त्याच्या ओळखीच्या मालनआक्का तिथे स्वतःचे आठ यंत्रमाग चालवतात आणि कारखान्यामागची त्यांची खोली रिकामी आहे, असं त्याने कळवलं होतं. मी एकटीच जाणार होते. पण आदल्या दिवशी बाबांनी पिशवी भरली. मला सोबत म्हणून नव्हे, खोली नापसंत करायला कुणीतरी हवं म्हणून.

गाव आधी ऐकू येतं, मग दिसतं. सकाळी आम्ही रिक्षातून गल्लीत शिरलो तेव्हा दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या शेडमधून एकच खटखट चालली होती, आणि ती पुढच्या गल्लीत, त्याच्या पुढच्याही गल्लीत तशीच चालू होती. विजेच्या तारांवर, देवळाच्या कळसावर, चहावाल्याच्या भुवयांवर कापसाची पांढरी लव बसलेली. बाबा ती बघत राहिले. आजोबा घरी यायचे ते अशाच भुवया घेऊन, असं ते मला नंतर म्हणाले. तेव्हा मात्र नाक मुरडून म्हणाले की गावात मासळीबाजार दिसत नाही.

मालनआक्का साठीच्या, काटक, गळ्यात तुळशीची माळ. नवरा गेल्यावर भावकीने माग विकायला सांगितले. यांनी ते विकले नाहीत, उलट दोन वाढवले. हे त्यांनी ओळख झाल्याच्या पाचव्या मिनिटाला सांगितलं. आम्ही चहा घेतोय तोवर समोर ताटं आली. भाकरी, भरलं वांगं, शेंगदाण्याची चटणी, दही. जेवणार का म्हणून विचारणं नाही. आमच्याकडे वरच्या मजल्यावर जायचं तरी आधी व्हॉट्सअॅपवर विचारतात. इथे आम्ही जेवत असताना तीन बायका सरळ आत आल्या, आम्हाला नीट निरखून बघितलं, आम्ही कुठले ते विचारलं आणि समाधान झाल्यावर गेल्या.

खोली बघितली. कोरडी, ऐसपैस, उत्तरेला मोठी खिडकी. तिथे सध्या आक्कांच्या सुताचे कोन, म्हणजे शंकूसारखे गुंडे, रचून ठेवले होते, ते त्या हलवणार होत्या. भाडं ऐकून मी दोनदा विचारलं. तेवढ्या पैशांत कांदिवलीत स्कूटर उभी करायला जागा मिळाली तर मिळाली. मग मी माझ्या सोसायटीच्या वळणाने, अगदी नम्रपणे, मुख्य प्रश्न विचारला. माझा हातमाग थोडा वाजतो, तर किती ते किती वेळ चालवलेला चालेल?

आक्कांनी कानाला हात लावला. मी पुन्हा विचारलं. यंत्रमागांच्या खटखटीत त्यांना ऐकू येईना. तिसऱ्यांदा मी ओरडून विचारलं, "आवाजाचा त्रास होणार नाही ना?"

आक्का आधी माझ्याकडे बघतच राहिल्या. मग तोंडाला पदर लावून हसत सुटल्या, आणि कारखान्यातल्या बाईला बाहेर बोलावून तिलाही तो प्रश्न ऐकवला. दोन वर्षं मी पाय दाबून, चोरून विणल्यासारखं विणलं होतं. त्या दोघी हसल्या तेव्हा मला राग यायला हवा होता, पण इतकं हलकं वाटलं की मीही हसायला लागले. दुपारी वीज गेली आणि सगळी गल्ली एका दमात गप्प झाली, तेव्हा लोक घराबाहेर येऊन काय झालं म्हणून एकमेकांना विचारू लागले. "बघितलंस? हितं आवाज थांबला की मानसं भ्यात्यात," आक्का म्हणाल्या.

खोलीचं उद्या पक्कं करू असं ठरलं. आमचं सामान आम्ही त्याच खोलीत ठेवलं आणि संध्याकाळी पंचगंगेच्या घाटावर गेलो. बाबांनी नदीकडे बघून विचारलं की गोड्या पाण्यातल्या माशाला चव ती काय असणार. मी म्हटलं, राहायचं मला आहे. ते म्हणाले, होय, राहायचं तुलाच आहे. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की माग गेल्यावर आमच्या हॉलमध्ये एक खुर्ची, एक घड्याळ आणि बाबा एवढंच उरणार आहे. मला वाईट वाटलं. तरी मी बेत बदलला नाही, हेही सांगून टाकते.

दुसरा दिवस: पुडकं

सकाळी कारखान्यात धोट्यांसाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या बाईंनी सूत नाकाला लावलं. मग शेजारणीला लावायला दिलं. मग आक्कांना बोलावलं.

घडलं होतं ते असं. खोलीत मुंग्या दिसल्या म्हणून बाबांनी हेमामावशींचं बोंबलांचं पुडकं उंच, सुरक्षित जागी ठेवलं होतं. ती सुरक्षित जागा म्हणजे सुताच्या कोनांची रास. वर पुन्हा कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून दोन कोन पुडक्यावर ठेवले. कागद फाटला आणि पांढऱ्या शुभ्र सुताने रात्रभर वास पिऊन घेतला. कोकणातल्या माणसाशिवाय ही करामत कुणाला साधणार नाही. आम्हाला तर तो वास आला तरी येत नाही. घर आहे असं वाटतं, इतकंच.

आक्का माळकरी. घरात अंडंसुद्धा येत नाही. त्या चढ्या आवाजात बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "पोरी, तुझं काम चांगलं आसंल. पन ह्या खोलीत जमायचं न्हाई."

वाट लागली. महिनाअखेर आठवड्यावर आली होती आणि दुसरी खोली माझ्या हाताशी नव्हती. मी बाबांकडे वळले. ते मनात खूश असतील असं मला वाटलं होतं, कारण त्यांना हवं ते आयतं झालं होतं. पण त्यांचा चेहरा पडला होता. मुलीचं काम मोडायचं असेल तर वाद घालून मोडावं, बोंबलाने मोडू नये, असं काहीतरी त्यांच्या मनात असावं. त्यांनी पुडकं उचललं, पार कोपऱ्यावर जाऊन तिथल्या मांजरांना वाटलं, हात साबणाने तीनदा धुतले आणि आक्कांना विचारलं की गच्चीवर ऊन किती वेळ असतं.

दिवसभर बाबा गच्चीवर होते. वासाचे सगळे कोन त्यांनी चटईवर ओळीने मांडले आणि दर अर्ध्या तासाने एकेक फिरवत राहिले, मनोरीच्या बायका बांबूच्या वलांडीवर वाळत घातलेले बोंबील फिरवतात तसे. डोक्यावर रुमाल, विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली. एका खाजगी कंपनीत छत्तीस वर्षं कारकुनी केलेला माणूस. आक्का दोनदा जिन्यातून डोकावून गेल्या. दुसऱ्या वेळी ताकाचा तांब्या ठेवून गेल्या. मी मदतीला गेले तर बाबांनी मला खाली पिटाळलं. चूक त्यांची होती आणि ती त्यांनाच निस्तरायची होती.

तिसरा दिवस: कारखाना

सकाळी कोन स्वच्छ झाले होते. निदान कांड्या भरणाऱ्या बाईंनी तसा निर्वाळा दिला, आणि इथे शेवटचा शब्द त्यांच्या नाकाचा. बाबा ते कोन पोचवायला कारखान्यात गेले. मागोमाग मी. इथून निघून मनोरीला पुन्हा फोन करावा, बुरशी तर बुरशी, असा विचार माझ्या डोक्यात चालला होता.

आत आठही माग सुरू होते. तिथल्या आवाजाचं वर्णन करता येत नाही. तो कानात शिरत नाही, छातीतच सुरू होतो. बाबा दारातच थांबले. त्यांनी आयुष्यात गिरणीचं पटांगण पाहिलं होतं, आत पाऊल टाकलं नव्हतं. आजोबांनी टाकू दिलं नव्हतं.

आक्का पार दुसऱ्या टोकाला पाठमोऱ्या होत्या. त्या वळल्या आणि त्याच वेळी बाबांना मधल्या मागावर काहीतरी दिसलं. त्यांनी विचार केला नाही. कोन काखेत धरून त्यांनी हात उंच केला, दोन बोटं कात्रीसारखी उघडली, मग चार बोटं दाखवली. चौथ्या मागाचा धागा तुटलाय.

आक्का धावल्या. माग बंद केला, धागा सांधला, पुन्हा सुरू केला. मग जागेवरून बाबांकडे रोखून बघितलं. एका हाताने स्वतःच्या कानाकडे दाखवलं आणि हात उलटा फिरवला. ती खूण मला कळली नाही, बाबांना कळली. हे कुणाकडून शिकलात, असं त्या विचारत होत्या. त्यांनी डोक्याच्या वर हात नेऊन उंच माणूस दाखवला, मग आपल्या दोन्ही कानांत बोटं घातली, म्हणजे आजोबा. त्यावर आक्कांनी आणखी काही विचारलं, बाबांनी आणखी काही सांगितलं. दोघांच्या मधे चार माग धडधडत होते आणि ही दोन माणसं मजेत गप्पा मारत होती. बाबा इतके बोलतात हे मला माहीत नव्हतं. आई गेल्यापासून तर नाहीच. मी दाराला टेकून उभी होते आणि माझे डोळे भरून आले. कापसाची लव गेली असेल, असं मी म्हणू शकते, पण ते खरं नाही.

बाहेर आल्यावर आक्कांनी पदराने तोंड पुसलं. त्यांचे सासरे उमेदीत मुंबईच्या गिरणीत होते. तिथून येताना ते या खुणा घेऊन आले, आणि आता कारखान्यात नवीन येणाऱ्यांना आक्का त्या शिकवतात, कारण हाका मारून इथे भागत नाही. परळचं बोलणं परळमध्ये संपलं, इथे ते रोजच्या वापरात आहे. बाबा ऐकत होते.

"घरात गिरणीचा मानूस हाय, हे आधी सांगायचं न्हाई व्हय?" आक्का म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "खोली तुझी. पन मासळी हुंबऱ्याच्या भाईर."

मी लगेच कबूल केलं. गावात खानावळी पुष्कळ आहेत आणि हुंबऱ्याबाहेर जग मोठं आहे. बाबांनी खोलीत जाऊन खिडकी उघडून बघितली, भिंतीला हात लावून ओल बघितली, मागाचा मागचा पाय कुठे येईल तिथे फरशीवर बुटाने रेघ ओढली. खोली बरी आहे म्हणाले. मी यावं की नाही, याबद्दल मात्र त्यांनी जाता जाताही एक शब्द काढला नाही. बसमध्ये मी विचारलं तेव्हा त्यांनी झोपेचं सोंग घेतलं.

पुन्हा कांदिवली

परत येऊन चार दिवस झाले. उद्या सकाळी टेम्पो येणार, म्हणजे आज मागावर चढवलेलं कापड पुरं करून उतरवायला हवं होतं. अकराच्या ठोक्याला बसले. निळ्या सुतात पांढरी लव उडाल्यासारखं काहीतरी आहे ते. आधी मनात दुसरंच होतं, आल्यावर शेवटचा भाग बदलला. साडेचारला लक्षात आलं की वीतभर कापड उरलंय आणि ते पाचपर्यंत होत नाही.

बाबा घड्याळाखालच्या खुर्चीत पेपर वाचत होते. कधी नव्हे ते मीच विचारलं, सोफा परत आणायचा का, माग गेल्यावर हॉल ओकाबोका वाटेल.

"सोफो नको," ते पेपरमधूनच म्हणाले. "महिन्यान मी थंयच येतलंय. आक्कांक माणूस कमी पडता."

मला वाटलं, बोलणं संपलं. पाच वाजले. दोन वर्षांच्या सवयीने माझा हात आपोआप थांबला आणि मी खुर्चीकडे बघितलं. बाबांनी पेपर खाली ठेवला, हात उचलला. पंजा खाली येईल म्हणून मी धोटा बाजूला ठेवू लागले. पंजा आला नाही. त्यांनी मूठ वळली आणि पुढे ढकलली.

मी धोटा फेकला, फणी ठोकली. पुन्हा फेकला, पुन्हा ठोकली, आणि या वेळी पाय दाबून नाही. पाच-सात मिनिटांत दाराची बेल वाजली. खालच्या मजल्यावरचेच असणार. बाबा उठले, शर्टाची बटणं लावली आणि दाराकडे जाता जाता वळून त्यांनी ती मूठ पुन्हा एकदा पुढे ढकलली.